येल्काच्या पन्नाशीचा ओटा

ज्या माणसाच्या घरी काँक्रीट कालवायचा स्वतःचा मिक्सर आहे, त्याच्याशी जेवणाच्या टेबलावर वाद घालू नये. हे मला आता पटलंय. त्या दिवशी पटलेलं नव्हतं. ईस्टरचं जेवण झालं होतं, पोतित्साचा, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचा शेवटचा तुकडा माझा मेहुणा सिल्वो कुणालाही न विचारता चावत होता, आणि तोंडात घास असतानाच त्यानं आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलं, "ताई, पन्नाशीला काय पाहिजे तुला?"

आमच्याकडे माणूस पन्नाशीला पोचला की तो बायबलमधल्या अब्राहमला भेटला असं म्हणतात. बायकांनी खरं तर त्याच्या बायकोला, साराला भेटायला हवं, पण आमच्या खालच्या लिपा गावात सरसकट सगळ्यांना अब्राहमच भेटतो. या भेटीचा थाट लग्नाला लाजवेल असा असतो. लग्न काय, दोन घरांपुरतं. अब्राहम म्हणजे अख्ख्या गावाचा मामला. येल्काची भेट जूनमध्ये ठरलेली होती.

येल्का म्हणाली, "मला काही नको. फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर एक लाकडी ओटा हवा. सकाळी उठावं, अनवाणी बाहेर यावं, कॉफी घेऊन बसावं. बास."

"लाकूड कशाला?" सिल्वो म्हणाला. "लाकूड कुजतं. मी शनिवारी मिक्सर आणतो, काँक्रीट ओततो, रविवारी वर टाइल्स. तुझ्या नातवंडांची नातवंडं त्यावर नाचतील."

सिल्वोविषयी सांगायला हवं. त्यानं स्वतःचं घर स्वतः बांधलं. मग गॅरेज बांधलं. मग मिक्सरला पाऊस लागतो म्हणून मिक्सरसाठी वेगळं गॅरेज बांधलं, आणि ते बांधायला मिक्सर वापरला. आमच्या भागात ज्यानं आयुष्यात काँक्रीट ओतलं नाही त्याला लोक पुरुष म्हणतात, पण जरा थांबून म्हणतात. मी ओतलेलं नाही. मी तालुक्याच्या कचेरीत बांधकाम परवाने खात्याचा प्रमुख आहे. इतरांनी काय काय ओतू नये हे ठरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

"तिला लाकडाचा हवाय ना? मग लाकडाचाच होईल," मी म्हणालो. वाईनचा दुसरा ग्लास चालू होता हे मान्य करतो. "आणि मी बांधीन. एकटा. माझ्या हातांनी."

येल्कानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू?"

इतकंच. पण ते 'तू' तिनं असं काही उच्चारलं की मला घशात पोतित्सा अडकल्यासारखं झालं. सिल्वो तर खो खो हसायलाच लागला. "दाजी, तुम्ही पक्ष्यांसाठी घरटं केलं होतंत ना? त्यात कोण राहतं सध्या?"

"गांधीलमाश्या," येल्का म्हणाली. आपल्याच माणसांनी आपल्याला असं उघडं पाडायचं असतं का?

"बायकोनं बोट दाखवलं की निघाली सपात!" सिल्वो म्हणाला. आमच्याकडे बायकोच्या मुठीतल्या नवऱ्याला 'सपात' म्हणतात. घरात घालायची, पायाखालची, मऊ. "हे बघा दाजी, ताईच्या वाढदिवसापर्यंत ओटा उभा राहिला, तर मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडेन. नाही राहिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर घेऊन येतो. मग लाकूड नाही नि बिकूड नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. म्हणजे आता माझी अब्रू तर पणाला लागलीच होती, पण येल्काचा लाकडी ओटाही लागला होता. मी हरलो तर ती बिचारी जन्मभर थंडगार टाइल्सवर पाय ठेवून कॉफी पिणार होती.

दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन मागच्या बाजूला गेलो. पायासाठी पहिला खड्डा गुडघाभर होतो न होतो तोच कुंपणापलीकडून आवाज आला, "शेजारी, कबर खणताय?"

हे विन्को. सारा जन्म बस चालवली, आता निवृत्त आहेत. बस नसल्यामुळे ते एका जागी थांबतात, आणि ती जागा म्हणजे आमचं कुंपण.

"पाया खणतोय," मी म्हणालो. "ओट्याचा."

"एवढासा? हिवाळ्यात जमीन गोठली की वर उचलते. ओटा तुमच्या छपराला लागेल." त्यांनी कुंपणावर कोपर टेकवलं. "आणि लाकूड कुठलं घेतलं?"

"लार्च."

"लार्च चांगलं," ते म्हणाले, आणि मला क्षणभर बरं वाटलं. "पण आता मिळतं ते लार्च नाही. आता सगळं विलायती येतं. आमच्या वेळेला लार्च होतं." मग ते आत गेले आणि बायकोला, फानिकाला घेऊन आले. तिलाही कबर बघायची होती.

आता खरं संकट सांगतो. ओट्याच्या फळ्यांना एका बाजूला बारीक रेघा असतात आणि दुसरी बाजू गुळगुळीत असते. प्रश्न असा की रेघा वर ठेवायच्या की खाली? मला वाटत होतं, हा प्रश्न कुणाला पडणारच नाही. मी सहज, अगदी सहज, अग्निशमन दलाच्या मंडळींसमोर तो काढला. आमच्या गावचं दल हौशी माणसांचं आहे. आग वर्षातून एखादी, बैठक दर शुक्रवारी. त्या शुक्रवारी दलाचे दोन तट पडले. एक तट म्हणे, रेघा वर, नाहीतर पावसात पाय घसरून येल्का आपटेल आणि त्याला जबाबदार कोण? दुसरा तट म्हणे, रेघा खाली, वर ठेवल्या तर त्यांत पाणी साचतं, शेवाळ धरतं, आणि मग ती आपटेलच. चुलतभाऊ चुलतभावाशी बोलेनासा झाला. रविवारी प्रार्थना झाल्यावर पाद्रीबाबांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, देवळात फार येत नाही म्हणून कानउघाडणी करणार. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "रेघा खाली."

फळ्या मांडायची वेळ आली तेव्हा मी आधी रेघा वर ठेवल्या. मग काढून खाली ठेवल्या. मग विन्कोंचा चेहरा बघून परत वर ठेवल्या. शेवटी निम्म्या वर, निम्म्या खाली राहिल्या, आणि कुणी विचारलं की मी म्हणायचो, ती नक्षी आहे.

मध्यंतरी परवान्याचं प्रकरण उपटलं. हे मी स्वतःहून ओढवून घेतलं. विन्को म्हणाले होते, "मागच्या दारी कोण बघतंय? ठोका खुशाल." पण ज्या खुर्चीत बसून मी लोकांच्या कोंबड्यांच्या खुराड्यांना नोटिसा पाठवल्या, त्या खुर्चीचा काही मान आहे की नाही? मी रीतसर अर्ज केला. स्वतःचा अर्ज स्वतः तपासता येत नाही, म्हणून तो माझ्या हाताखालच्या दारिंकाबाईंकडे दिला. दारिंकाबाई म्हणजे काटेकोर बाई. त्या मीटरपट्टी घेऊन आल्या, येल्काची कॉफी प्यायल्या, ओट्याच्या सांगाड्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "साहेब, अडचण आहे."

"काय अडचण?"

"तुमची बाग उतरती आहे. ओटा दारापाशी ठीक आहे, पण त्या टोकाला जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या वर जातो. तुमच्याच परिपत्रकाप्रमाणे अर्ध्या मीटरच्या वर गेली की ती बागेतली बैठक राहत नाही, इमारत होते."

"अहो, ते परिपत्रक वरच्या लिपातल्या त्या माणसासाठी काढलं होतं. त्यानं कबुतरखान्यावर सज्जा काढला होता!"

"परिपत्रकात तसं लिहिलेलं नाही, साहेब."

त्यांचा शेरा माझ्याच टेबलावर अंतिम सहीसाठी आला. मी बराच वेळ त्याकडे बघत बसलो. नंतर मन घट्ट केलं, माझा अर्ज फेटाळला आणि मला तसं पत्र धाडलं. पत्र घरी आलं तेव्हा येल्कानं पोस्टमनसमोर ते उघडून वाचलं आणि म्हणाली, "बोगोमीर, या कचेरीत कोण गाढव बसलंय रे?"

उपाय दारिंकाबाईंनीच सुचवला. त्यांच्या मते ओटा खाली आणायची गरज नव्हती, जमीन वर आणली तरी नियमात बसत होतं. मी मुकाट्यानं ढकलगाडी घेतली. पुढच्या अंगणातली माती मागच्या अंगणात नेली. त्यात स्ट्रॉबेरीचा वाफा गेला, बटाट्याचा निम्मा गेला, कंबर तर संपूर्ण गेली. सिल्वो छोटं खोदयंत्र घेऊन दारात उभा राहिला. "दाजी, दहा मिनिटांचं काम आहे, हट्ट सोडा." मी त्याच्याकडे न बघता गाडी ढकलत राहिलो. एकटा म्हटलं होतं ना? मग एकटा.

मे महिना असा मातीत गेला. फळ्या बसवायला लागलो तेव्हा कुठे मला जोर आला. मी बाहेरच्या टोकापासून सुरुवात करून घराच्या दिशेनं येत होतो. एकेक फळी, एकेक स्क्रू. हाताला लय सापडली होती, मी गुणगुणतही होतो. शेवटची फळी उंबऱ्याला भिडवली, स्क्रू पिळला, उभा राहिलो, घाम पुसला आणि हाक मारली, "येल्का! बाहेर ये!"

आतून धडपड ऐकू आली. "दार उघडत नाहीये."

"ढकल."

"ढकलतेय."

"जोरात ढकल!"

"अरे, हे दार कुठल्या बाजूला उघडतं?" येल्कानं आतून विचारलं.

मी दाराकडे बघितलं. ते बाहेरच्या बाजूला उघडत होतं. आम्ही या घरात आल्यापासून ते बाहेरच्या बाजूलाच उघडत होतं. आणि माझा ओटा उंबऱ्यापेक्षा चांगला बोटभर वर आला होता. बायकोला मी तिच्याच पन्नाशीच्या तोंडावर स्क्रू मारून घरात कोंडलं होतं. ती पुढच्या दारानं निघून, घराला वळसा घालून आली, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. कुंपणावरून विन्को म्हणाले, "शेजारी, चोरांपासून मात्र पक्का बंदोबस्त केलात हो."

ओटा परत उखडणं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून मी दार काढलं आणि खालून कापलं. बोटभर कापायचं होतं, रागाच्या भरात चार बोटं कापलं गेलं. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात वारा, पालापाचोळा आणि एक जाहक बिनदिक्कत ये-जा करतात. जाहक म्हणजे अंगाचा काटेरी गोळा करणारा तो छोटा प्राणी हो. येल्का त्याला दूध घालते.

वाढदिवस जवळ येत चालला तसे सगळे माझ्याशी चमत्कारिक वागायला लागले. विन्को रोज यायचे, ओट्याच्या बरोबर मधोमध बघायचे आणि घसा खाकरायचे. "शेजारी, मधली एखादी फळी सैल ठेवा."

"का?"

"असंच. कधी काढायची वेळ आली तर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझा ओटा लवकरच काढावा लागणार असं यांना वाटतं! मी त्या रात्री जेवलोदेखील नाही नीट. दुसऱ्या दिवशी सिल्वो आला, तोही मधोमध बघायला लागला. "दाजी, इथे एवढे स्क्रू नका मारू. इथे... म्हणजे... लाकडाला श्वास घ्यायला जागा हवी."

"लाकूड घेईल त्याचा श्वास. तू तुझा घे," मी म्हणालो, आणि तो गेल्या गेल्या मधल्या फळ्यांना दुप्पट स्क्रू मारले. त्यानंतर फानिका येऊन गेली आणि ओट्याला मध्यभागी छान गोल भोक असतं तर किती शोभून दिसलं असतं, असं बोलून गेली. मी तिप्पट मारले. माझ्या कामाला नावं ठेवायची नवी रीत गावानं काढली आहे, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती.

एक गोष्ट मात्र कुणालाही सांगितली नव्हती. ओटा हलत होता. मधोमध उभं राहिलं की होडीत उभं राहिल्यासारखं वाटायचं. पाणसळ ठेवली की तिच्यातला बुडबुडा सरळ यायचा, पण माणूस उभा राहिला की ओटा डुगडुगायचा. मी खालून पाचरी ठोकल्या, विटा सरकवल्या, ओट्याखाली पोटावर सरपटून झालं. काही केल्या तो थांबेना. वाढदिवस रविवारी होता. शनिवारी सकाळी येल्काला सिल्वोच्या बायकोनं केस करायला शहरात नेलं. मी ओटा धुतला, पुसला, तेल लावलेलं वाळलं का ते बघितलं आणि कडेकडेनंच चालायची सवय करत होतो.

तेवढ्यात लांबून अकॉर्डियन ऐकू आलं.

घराच्या कोपऱ्यावरून ट्रॅक्टर वळला. ट्रॅक्टरच्या मागे दोन गाड्यांवर आडवा घातलेला, साल सोलून पांढराशुभ्र केलेला एक प्रचंड स्प्रूस वृक्ष. शेंड्याला हिरवा झुपका तसाच ठेवलेला, त्याला रंगीत कागदाची फुलं. मागे अख्खं अग्निशमन दल, दोर, शिड्या, फावडी. सर्वांत मागे मिक्सर. सिल्वोनं तोही जोडून आणला होता, सोमवारी परत फेरी नको म्हणून.

मी कपाळावर हात मारला. म्लाय!

आमच्याकडे अब्राहमच्या आदल्या दिवशी गाव त्या माणसाच्या दारी म्लाय उभारतं. रानातलं सगळ्यात उंच, सरळ झाड. कुणाचा म्लाय किती उंच यावरून गावाला तो माणूस किती हवाहवासा आहे ते कळतं. म्लाय नसला तर लोक हळूच विचारतात, काय बाई, गावाशी काही बिनसलंय का? मी स्वतः कितीतरी जणांच्या म्लायचे दोर ओढलेत. आणि माझ्याच बायकोचा म्लाय माझ्या डोक्यातून साफ निघून गेला होता. डोक्यात जागाच कुठे होती? तिथे स्क्रू होते.

"पुढच्या अंगणात उभारा," मी म्हणालो.

"पुढे विजेच्या तारा," विन्को म्हणाले. "डावीकडे तुमची संडासाची टाकी. उजवीकडे माझा द्राक्षवेल, त्याला हात लावाल तर याद राखा. ओट्यापलीकडे तुमची नवी भुसभुशीत माती. जागा ही एकच." आणि त्यांनी ओट्याच्या मधोमध बोट दाखवलं. "रोज सांगतोय, शेजारी, मधली फळी सैल ठेवा!"

"मला वाटलं, तुम्ही टोमणे मारताय."

"टोमणा मारायला मला कधी आडून बोलावं लागलंय का?"

"मग सरळ सांगायचं होतंत!"

"तुम्हाला? तुमच्या पोटात काही राहतं का? संध्याकाळपर्यंत येल्काला कळलं असतं."

सिल्वोनं मशीन करवत सुरू केली. "दाजी, बाजूला व्हा. ताई तासाभरात येईल."

मी बाजूला झालो नाही. मी ओट्यावर आडवा पडलो. दोन्ही हात पसरून, अगदी मधोमध, बांधकाम खात्याचा प्रमुख. ओटा माझ्याखाली डुगडुगला, पण ते मला कुणालाही कळू द्यायचं नव्हतं. "माझ्या मढ्यावरून करवत जाईल," मी ओरडलो. "एकट्यानं बांधलाय! एकेक स्क्रू!"

अकॉर्डियनवाल्यानं हात थांबवला. मी आकाशाकडे बघत पडून होतो, आणि मला फानिकाच्या पन्नाशीचा दिवस आठवला. सगळे खाण्यापिण्यात दंग होते आणि येल्का एकटीच डोळ्यांवर हात धरून म्लायच्या शेंड्याकडे बघत उभी होती. मी विचारलं होतं, काय बघतेस? तर म्हणाली, "काही नाही, उंच आहे." तिनं या वर्षी एकदाही विचारलं नव्हतं, म्लाय येणार का म्हणून. ती असं कधी विचारणारच नाही. मला एकदम माझी, माझ्या स्क्रूंची आणि माझ्या 'एकट्याची' लाज वाटली. फार वाटली.

मी उठलो. हात पुढे केला. "करवत इकडे दे."

"दाजी, मी करतो ना पटकन..."

"ओटा माझा आहे. भोक मीच पाडणार."

आधी स्क्रू काढायचे होते. तिप्पट मारलेले. दलातल्या चौघांनी चार ड्रिल मशीनं आणली, आणि जो तो स्क्रू काढता काढता माझ्याकडे असा बघत होता की मी मान वर केली नाही. तेवढ्यात नवीन पेच. विन्को ओट्याच्या कडेला थबकले आणि म्हणाले, "बूट काढायचे का?"

प्रश्न बिकट होता. ओटा म्हणजे घर की बाहेर? घर असेल तर बुटांनी आत यायचं नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. बाहेर असेल तर सपाता घालून बाहेर जायचं नाही, हेही. दलात पुन्हा दोन तट पडायची चिन्हं दिसायला लागली. वेळ नव्हता. मी ओरडलो, "घर!" आणि पाहुण्यांच्या सपातांची टोपली आणून ओतली. बूट गवतावर ओळीनं लागले. आमचं अग्निशमन दल फुलाफुलांच्या, लोकरीच्या, फाटक्या, लहानमोठ्या सपाता घालून ओट्यावर उभं राहिलं आणि तुळयांच्या मधल्या फटीतून खड्डा खणायला लागलं. सिल्वोच्या वाट्याला गुलाबी आल्या. कानवाल्या.

"काय सपात," विन्को त्याला म्हणाले, "जरा खोल खणा."

मी फळ्यांना अर्धगोल कापत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून एक गोष्ट जशी हवी तशी झाली. दोन फळ्या समोरासमोर धरल्या तर असा वाटोळा आकार की मीच बघत राहिलो. मग दोर बांधले, ट्रॅक्टरनं ओढलं, शिड्यांनी तोललं, "होऽ रुक!" करत सगळं गाव लागलं, आणि तो पांढरा स्प्रूस हळूहळू माझ्या ओट्यातून वर, वर, घराच्या कौलांच्या वर, विन्कोंच्या अक्रोडाच्याही वर गेला. खाली दगड भरले, तुळया आणि खांब यांच्यामध्ये ओकच्या पाचरी ठोकल्या, फळ्या परत बसवल्या.

दारिंकाबाई केक घेऊन येत होत्या. त्या फाटकातच थांबल्या, मान मागे टाकून शेंड्यापर्यंत बघितलं. "साहेब, अर्ध्या मीटरच्या नियमाप्रमाणे..."

"दारिंकाबाई," मी म्हणालो, "आज शनिवार आहे. सपाता घाला आणि या."

येल्का आली तेव्हा गाडीतून उतरायच्या आधीच तिला घराच्या मागून वर आलेला शेंडा दिसला असणार, कारण ती धावतच आली. केस नवीन, चेहरा जुना. तिनं आधी वर बघितलं, मग खाली. सपाता घातलेलं अग्निशमन दल, गवतावरचे बूट, आणि मधोमध करवत हातात धरून घामानं निथळणारा मी. आणि ती रडायला लागली. हसत हसत, मोठ्यानं, पोरीसारखी. फानिकाही रडायला लागली. विन्को म्हणाले, डोळ्यात भुसा गेला.

सिल्वो मात्र ओट्याच्या मधोमध उभा राहून उड्या मारत होता. गुलाबी कान हलत होते, ओटा हलत नव्हता. इतक्या मोठ्या खांबाला पाचरींनी जखडल्यावर तो हलेल कसा? "दगडासारखा आहे," सिल्वो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. पण गडी शब्दाचा पक्का. सगळ्यांसमोर खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. "दाजी, मिक्सर परत नेतो." मला इतका आनंद झाला की मीच त्याला उठवला आणि वाईन ओतली. माणूस वाईट नाही तो. त्याला फक्त काँक्रीटची ओढ आहे.

रविवारची सकाळ स्वच्छ उजाडली. मी लवकर उठलो, ओट्यावर म्लायच्या सावलीत खुर्ची ठेवली, छोटं टेबल ठेवलं, कॉफी उकळून आणली. येल्का कापलेल्या दारातून अनवाणी बाहेर आली. पाय टेकवले, बोटं हलवून बघितली, "गरम आहे लाकूड," म्हणाली, आणि बसली. ईस्टरपासून ज्याच्यासाठी माझ्या पाठीचा कणा वाकला होता तो क्षण हा. मी दारात उभा राहून बघत होतो. मला भरून आलं होतं.

अर्धा कप झाला असेल नसेल. ती उठली, कप उचलला आणि आत निघून गेली. मी मागोमाग गेलो तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी.

"काय झालं? आवडला नाही?"

"आवडला ना. छान झालाय."

"मग आत का आलीस?"

ती जराशी लाजली. "रागावणार नाहीस?"

"नाही."

"ईस्टरपासून रोज मी इथेच कॉफी पितेय. तू तिकडे फळ्यांशी भांडत असायचास. एकदा तू पेन्सिल कानामागे ठेवून तासभर पेन्सिल शोधत होतास. एकदा स्वतःच्याच शर्टात स्क्रू मारून घेतलास आणि कुणी बघितलं का म्हणून इकडेतिकडे बघत होतास. आपण इतकी वर्षं संसार केला, मी एवढी कधी हसले नव्हते रे." तिनं डोळे पुसले. "आज तिथे बसले आणि समोर कुणीच नाही. तू काम करताना दिसत नाहीस. मला करमेना."

मी खिडकीतून ओट्याकडे बघितलं. बांधकाम खात्याचा प्रमुख, त्याचा रुबाब, त्याची अब्रू. महिनोन्महिने मला वाटत होतं, ती माझी काळजी करतेय.

"त्या ओट्याला," मी शेवटी म्हणालो, "कठडा नाहीये."

"नाहीच आहे," येल्का म्हणाली.

"धोकादायक आहे ते. नियमात बसत नाही."

"मुळीच बसत नाही."

मी बाहेर गेलो, मोजायची टेप काढली, ओट्याच्या कडेला गुडघ्यांवर बसलो. मागे खिडकीपाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग कपाचा. मी मान वर केली नाही. टेप उलट्या टोकानं धरली आणि गंभीर चेहऱ्यानं आकडे वाचायला लागलो. या वेळी मुद्दाम.